चार तारांचा गेम पुरे आहे

पत्र थोडक्यात असं: "मी मिरजेची, तिशीच्या आतली. पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात होते. ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचं, निदान झालं, नोकरी सोडावी लागली, आईबाबांकडे परत आले. कॉलेजपासून मनात आहे की एक गेम करायचा: पन्हाळ्यावरचा, मोठा, पावसाळी रात्र, वेढा, सात-आठ पात्रं. गोदो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. कोर्स तीन-चारदा सुरू केला. दर वेळी आजार उचल खातो, काही आठवडे जातात आणि परत येऊन बघते तर स्वतःचाच कोड ओळखू येत नाही. बाबा म्हणतात, स्क्रीनसमोर बसून तब्येत आणखी बिघडवून घेऊ नकोस. शेजारी तंबोरे करणारे काका आहेत, त्यांच्या दुकानात जाऊन बसले की तेवढा वेळ बरं वाटतं. माझ्यात चिकाटी कमी आहे का? हे सगळं सोडून द्यावं का?"

प्रिय मिरजकर वाचक,

सोडू नका. फक्त ज्या पद्धतीने शिकताय ती पद्धत बदला, आणि पन्हाळा तूर्त बाजूला ठेवा.

चिकाटीचं आधी बोलू. दर वेळी आजारातून उठून पुन्हा लॅपटॉप उघडणाऱ्या माणसाला चिकाटी नाही असं मी तरी म्हणणार नाही. खोट कोर्सच्या घडणीत आहे. चाळीस तासांचा व्हिडिओ कोर्स बनवणारा असं धरून चालतो की शिकणारा रोज दीड-दोन तास बसेल आणि कालचं त्याला आज आठवेल. ल्युपसमध्ये या दोन्ही गोष्टींचा भरवसा नसतो. थकवा झोपून जात नाही, सकाळी बोटं वळत नाहीत, आणि काही दिवस डोकं असं जड होतं की रोजचा शब्द तोंडावर येत नाही. सत्ताविसाव्या धड्यानंतर तीन आठवड्यांचा खंड पडला की अठ्ठाविसावा धडा परका वाटतो. मग पुन्हा पहिल्यापासून. पहिले पाच धडे पाठ होतात, गेम मात्र कधीच होत नाही. हे धडधाकट माणसांचंही होतं. तुमच्यावर ती पाळी जास्त वेळा येते.

मला स्वतःला संधिवात आहे आणि मी छोटे गेम करते, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते. आपण बेत आखतो ते बऱ्या दिवशी. त्या दिवशी सगळं शक्य वाटतं, म्हणून यादी लांब होते, आणि बरं वाटतंय तोवर उरकून घेऊ म्हणत आपण चार-पाच तास बसतो. पुढचे दोन-तीन दिवस त्याची भरपाई करण्यात जातात. ल्युपस, संधिवात, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार), एमई (न संपणाऱ्या थकव्याचा आजार) यांपैकी काहीही असलेल्या माणसाला हे चक्र समजावून सांगावं लागत नाही. त्यातून बाहेर पडायला उपाय एकच आहे: गेमचा आकार वाईट दिवसाकडे बघून ठरवायचा. ज्या दिवशी फक्त वीस मिनिटं बसता येईल आणि एकच विचार डोक्यात धरता येईल, त्या दिवशीही एक पाऊल पुढे टाकता यावं, एवढाच गेम घ्यायचा. सात-आठ पात्रं, त्यांचे संवाद, लढाई, पावसाचे परिणाम, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. त्यातली एक गोष्ट हलवायची तर बाकीच्या पाच डोक्यात असाव्या लागतात. डोक्यात धुकं असतं त्या दिवशी ते होत नाही, आणि जबरदस्तीने करायला गेलं की चालू असलेलंही मोडून बसतं.

पत्रातलं काकांच्या दुकानाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी तिथेच थांबले. तुमचा पहिला गेम तिथे आहे.

तंबोरा सुरात लावायचा, बस. चार तारा: पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. खेळणाऱ्याने एका बोटाने तार छेडायची, दुसरीकडे एक पट्टी डावी-उजवीकडे सरकवायची आणि कान देऊन तार लावायची. वेळेचं बंधन नाही, हरणं नाही, धावणं-उडी मारणं नाही. हे तुम्हाला बाळबोध वाटेल. पण यात करण्यासारखं किती आहे ते बघा.

पहिल्या आवृत्तीत दोनच तारा घ्या, जोडीचे षड्ज. काकांची परवानगी घेऊन, दुकानात शांत असेल तेव्हा, सुरात लागलेल्या एका तारेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या. तो विरेपर्यंत फोन हलवू नका. गोदोमध्ये गेम सुट्या भागांचा बनतो, त्यांना नोड म्हणतात. आवाज वाजवणाऱ्या नोडला 'पिच स्केल' नावाचा गुणधर्म असतो. तो १ असेल तर मूळ रेकॉर्डिंग तसंच वाजतं. १.०६ च्या आसपास नेला तर स्वर अर्ध्या स्वराच्या अंतराने चढतो, म्हणजे सा चा कोमल रे होतो. आता तेच रेकॉर्डिंग दोन नोडवर ठेवा. पहिला १ वर पक्का, आणि दुसऱ्याचा पिच स्केल खेळणाऱ्याच्या पट्टीला जोडायचा, ०.९५ ते १.०५ च्या दरम्यान. पट्टी ०.९९७ आणि १.००३ च्या मध्ये आली की तार लागली, नाहीतर नाही. एक्सेलमधलं 'इफ' तुम्ही नोकरीत रोज लिहीत होतात. या गेमचा सगळा न्यायनिवाडा तेवढ्या एका 'इफ'मध्ये आहे, आणि तो तुम्हाला आजच येतो.

यापुढची गंमत मला फार आवडते. काका जोडीच्या तारा लावतात तेव्हा तारा जवळ आल्या पण अजून एक झाल्या नाहीत, अशा वेळी आवाजात लाटा येतात, वर-खाली, वर-खाली. दोन कंपनसंख्यांमध्ये जेवढा फरक, तेवढ्या लाटा दर सेकंदाला. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झच्या आसपास असतो. दुसरी तार त्याच्या एक टक्का वर असेल तर ती १४० वर जाते. फरक १.४ चा, म्हणजे सेकंदाला साधारण दीड लाट. तार जवळ येईल तशी लाट लांबत जाते आणि शेवटी थांबते. हा परिणाम आणण्यासाठी तुम्हाला एक ओळही लिहावी लागणार नाही. दोन नोड एकदम वाजले की दोन्ही आवाज स्पीकरमध्ये मिसळतात आणि लाटा आपोआप ऐकू येतात. खेळणाऱ्याला शाबासकी द्यायला चांदण्या, गुण, टाळ्या कशाचीच गरज नाही. लाट थांबली की त्याला कळतंच. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी मात्र पडद्यावर एक रेघ काढा, लाटेबरोबर थरथरणारी आणि तार लागली की सरळ होणारी.

हे झालं की पंचम आणि खर्ज जोडायचे. तेही झालं आणि हुरूप असला तर जवारीचा दोरा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सरकवून नाद खुलवायचा दोरा: दोऱ्यासकट एक रेकॉर्डिंग आणि दोऱ्याशिवाय एक, दोन्ही एकदम वाजवायची, आणि पट्टी सरकेल तसा एकाचा आवाज वाढवत दुसऱ्याचा कमी करायचा. घोडीवर दोरा केसभर हलल्याने काय फरक पडतो ते मिरजेबाहेर किती जणांना ठाऊक असेल? यातली कुठलीही पायरी शेवटची असू शकते, हे मात्र आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. दोन तारांवर थांबलात तरी गेम पुरा झालेला असेल. आजार कधी मध्ये येईल ते आपल्या हातात नाही, म्हणून काम असं रचायचं की कुठेही थांबलं तरी मागे काहीतरी पूर्ण उरलं पाहिजे.

आता थांबण्याबद्दल. तुमचा कोड तुम्हालाच ओळखू येत नाही, हा स्मरणशक्तीचा दोष समजू नका. जाताना निरोप ठेवला नव्हता म्हणून तसं होतं. बसायच्या वेळातली शेवटची पाच मिनिटं त्या निरोपासाठी राखून ठेवायची, आणि त्यासाठी थकायच्या आधी थांबायचं, थकल्यावर नाही. गोदोच्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की ती टीप होते, संगणक ती वाचत नाही. टीप मराठीत लिहा. उदाहरणार्थ:

# इथे थांबले. दुसरी तार वाजते, पण पट्टी सोडल्यावरच स्वर बदलतो. सरकवतानाच बदलायला हवा.
# 'ड्रॅग एंडेड' सिग्नल जोडला होता. त्याऐवजी 'व्हॅल्यू चेंज्ड' जोडून बघणे.
# चालू स्थितीतली प्रत: तंबोरा ३ या फोल्डरमध्ये.

काय चालतंय, काय अडलंय आणि पुढचं पाऊल कोणतं, इतकंच. महिन्याभराने परत आलात तरी या तीन ओळी वाचून कामाला लागता येतं. कोर्स पहिल्यापासून लावायची गरज उरत नाही. आणि प्रत्येक वेळी उठताना फोल्डरची प्रत काढून तिला पुढचा आकडा द्या. गिट वगैरे, म्हणजे कोडच्या जुन्या प्रती सांभाळणारी साधनं, नंतर शिकता येतील. बोटं दुखत असतील तर टीप बोलून लिहा, फोनच्या कीबोर्डवरचं मराठी व्हॉइस टायपिंग एवढ्या कामाला उत्तम आहे. आवाजाने कोड लिहायची टॅलनसारखी साधनंही आहेत, पण तिची स्वतःची एक भाषा शिकावी लागते. गेम आणि ती भाषा दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका.

साधन म्हणून गोदोच ठेवा. ते २०१४ पासून मुक्त आहे, पैसे पडत नाहीत, डाउनलोड लहान आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यासाठी नवा प्रकल्प उघडताना 'कम्पॅटिबिलिटी' रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडा. गोदो ठेवायला आपल्यासाठी दुसरंही कारण आहे. मार्च २०२३ मध्ये गोदो ४ आलं, त्यात देवनागरी नीट जुळवून दाखवायची सोय आहे. गोदो ३ मध्ये जोडाक्षरं तुटायची आणि वेलांटी भलत्याच जागी पडायची. युनिटी या गेम बनवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या मजकूर-साधनातही हा त्रास अनेकांनी भोगला आहे. म्हणून तुमचा कोर्स गोदो ३ चा असेल तर तो बंद करा. आवृत्ती बदलताना कोडही बराच बदलला आहे आणि नवशिक्याचा वेळ त्या फरकातच जातो. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' घ्या. मोफत आहे, गेममध्ये वापरायला परवानगी आहे आणि लहान आकारातही मात्रा स्पष्ट दिसतात. कधी गोष्ट सांगावीशी वाटली, आवाज-चित्र काही नको असलं, तर ट्वाइन हे मजकुरातून गोष्टीचे गेम करायचं साधन बघा. ते ब्राउझरमध्ये चालतं, अंथरुणात पडूनही त्यात लिहिता येतं, आणि देवनागरी तिथे कुरकुर करत नाही.

शिकायचं कसं? कोर्स लावू नका, प्रश्न लावा. "गोदो ४ मध्ये आवाज कसा वाजवायचा", "स्लायडर कसा जोडायचा". एका बैठकीला एक प्रश्न. गोदोच्या अधिकृत कागदपत्रांत प्रत्येक नोडचं पान आहे, ते व्हिडिओपेक्षा सोयीचं पडतं. डोकं चालत नसेल तेव्हा तीच ओळ पाचदा वाचता येते, व्हिडिओ मागे-पुढे करत बसावं लागत नाही. आणि धुकं फारच असेल त्या दिवशी कोडला हात लावू नका. त्या दिवशी तंबोऱ्याच्या भोपळ्याचा रंग निवडा, आवाज कापून नीट करा, किंवा काहीच करू नका. काहीच न केलेला दिवस कामाच्या हिशेबातच धरायचा. तो तुम्ही आधीच धरून ठेवलेला आहे, म्हणूनच तर गेम एवढा लहान घेतला.

एक सावधगिरी औषधांची. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा डोस वाढवला की अनेकांना रात्री झोप येत नाही आणि अंगात एकाएकी जोर येतो. रात्री दोन वाजता वाटतं, आज सगळा गेम पुरा करून टाकू. तो जोर उसना असतो. त्या रात्री लॅपटॉप उघडू नका, कल्पना सुचल्या तर वहीत टिपून ठेवा आणि झोप येत नाही हे डॉक्टरांना सांगा. गोळी सकाळी घेण्याबद्दलही त्यांनाच विचारा, मनाने वेळ बदलू नका.

फार कमी दिवसांत किंवा फार अफाट कष्टाने झालेल्या गेमच्या कहाण्या तुमच्या वाचण्यात येतील. 'सेलेस्ट'ची पहिली छोटी आवृत्ती दोघांनी २०१५ मध्ये चार दिवसांत केली. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन यांनी एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ रोज तासन् तास खपून केला आणि तो २०१६ मध्ये आला. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही तुमच्या माझ्या मापाच्या नाहीत. 'सेलेस्ट'कडून घ्यायचं ते वेगळं. २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या आवृत्तीत खेळाचा वेग कमी करता येतो, दम न संपण्याची सोय करता येते, आणि गेम त्याबद्दल खेळणाऱ्याला हिणवत नाही. अशी सोय कुठे लागते हे कळायला अनेक कंपन्यांना माणसं बोलावून चाचण्या घ्याव्या लागतात. तुम्हाला ते घरबसल्या कळतं. बोटं सुजलेल्या दिवशी स्वतःचा गेम खेळून बघा. पट्टी फार बारीक वाटली तर जाड करा. बोट दाबून धरावं लागत असेल तर नुसत्या टिचकीवर आणा. वाईट दिवशी तुम्हाला खेळता आला तर माझ्यासारख्या बऱ्याच जणांना खेळता येईल.

४८ तासांत गेम करायचे मेळावे, म्हणजे गेम जॅम, हेही आपल्या मापाचे नाहीत, त्यांना नाही म्हणा. लुडम डेअरसारख्या स्पर्धांमध्ये दोन रात्री जागण्याचं कौतुक होतं आणि ते वातावरण ओढ लावणारं असतं, मला माहीत आहे. ज्यांना झेपतं त्यांनी जावं. सोबतीने काम करायची हौस असेल तर महिनाभर चालणारे जॅम निवडा, आणि तिथेही नाव नोंदवण्यापूर्वी कुणाला शब्द देऊ नका.

बाबांबद्दल. त्यांची भीती खोटी नाही, पण ती थोडी चुकीच्या जागी आहे. स्क्रीनपेक्षा एकाच जागी न हलता तासभर बसणं तुमच्या सांध्यांना महागात पडतं. म्हणून वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावा, आणि हे काम बाबांवरच सोपवा. गजर झाला की तुम्हाला उठवायचं, चार पावलं चालवायचं. टेबल खिडकीपाशी असेल तर आत घ्या, ऊन ल्युपसला सोसत नाही आणि अतिनील किरणांतला काही भाग साध्या काचेतूनही येतो. डोळे कोरडे पडत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, या आजारात ते बऱ्याच जणांना होतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचं औषध चालू असेल तर डोळ्यांची ठरलेली तपासणी चुकवू नका. ती तपासणी औषधासाठी असते, लॅपटॉपमुळे नाही, हे बाबांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. आणि दोन तारा वाजू लागल्या की पहिला खेळ त्यांच्या हातात द्या. मिरजेत आयुष्य गेलेल्या माणसाला तार लागली की नाही ते सांगावं लागणार नाही.

पैशांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. पहिल्या गेममधून काही मिळेल असं धरून चालू नका. औषधं आणि तपासण्यांचा खर्च ज्या मार्गाने चाललाय तो मोडू नका. घरून थोडं अकाउंट्सचं काम करत असाल तर ते चालू ठेवा, आणि ज्या दिवशी ते केलं त्या दिवशी गेमला सुट्टी. एका दिवसात दोन्ही नको.

तयार झाल्यावर गेम इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर मोफत टाका, म्हणजे लोकांना काही न उतरवता ब्राउझरमध्येच खेळता येईल. तिथे एक गोष्ट अडेल ती आताच सांगून ठेवते: पडद्याला स्पर्श झाल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करू देत नाहीत. त्यामुळे गेम उघडल्या उघडल्या तंबोरा वाजणार नाही आणि तुम्हाला वाटेल की काहीतरी बिघडलं. सुरुवातीलाच "तार छेडा" असं एक मोठं बटण ठेवा, की प्रश्न मिटला. श्रेयनामावलीत काकांचं नाव घालायचं असेल तर त्यांना विचारून घाला.

आणि सध्या आजाराने पुन्हा उचल खाल्ली असेल तर यातलं काहीही आज करायचं नाही. हे पत्र ठेवून द्या. पुढच्या वेळी काकांकडे जाल तेव्हा फोन पुरता चार्ज करून न्या, एवढीच तयारी.

तुमची,
सदरलेखिका